गटातल्या सदस्यांना साक्ष द्यायला कसं शिकवाल? लहान गटाच्या प्रमुखांसाठी मार्गदर्शक

चर्चमधले काहीजण बायबल वाचायला आणि प्रार्थनेला नियमित जमतात, त्या लहान गटात वर्षानुवर्षं येणारी माणसं असतात. वचनं पाठ, प्रार्थना ओघवती, गाणी तोंडावर. पण सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने सहज विचारलं, "तू दर रविवारी न चुकता चर्चला का जातेस गं?" की उत्तर येतं, "लहानपणापासूनची सवय," आणि विषय बदलतो. हे लक्षात आलं की गटप्रमुख मत्तय २८:१९-२० वर, म्हणजे सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा या येशूच्या आज्ञेवर, आणखी एक अभ्यास घेतो. सगळे माना डोलावतात, मनातून थोडे खजील होतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आज्ञा माहीत नाही असा गटात कुणीच नसतो. कमी पडतो तो सराव. साक्ष देणं म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगणं, आणि ते साध्या भाषेत, मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून ही माणसं कधी बोललेलीच नसतात. मी बरीच वर्षं गट चालवते आहे आणि खालचा क्रम त्या अनुभवातून बसत गेला आहे. एका पायरीला साधारण एक बैठक धरा. चौथ्या पायरीला दोन-तीन लागतात, लागू द्या.

सुरू करण्याआधी काय हवं

- प्रत्येकाकडे बायबल, एक वही आणि पेन
- वेळ मोजायला मोबाइलवरचा टायमर
- दर बैठकीतला अर्धा तास वेळ, ठरवून राखलेली (शेवटी उरला तर घेऊ, असं म्हटलं की तो उरत नाही)
- पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) आधी एकदा बोलणं, म्हणजे पुढे कुणी बाप्तिस्म्याबद्दल विचारलं तर त्यांना अचानक कळणार नाही
- "इथे सांगितलेलं बाहेर जाणार नाही," असा सगळ्यांचा शब्द

प्रोजेक्टर, छापील कोर्स, सुवार्तेच्या पत्रिकांचा (वाटायच्या छापील पत्रकांचा) गठ्ठा यांची सुरुवातीला गरज नाही. पत्रिका हातात असली की माणूस ती देऊन मोकळा होतो आणि बोलायचं राहूनच जातं.

## १. भीती आधी कागदावर येऊ द्या

पहिल्या बैठकीत शिकवू नका. सगळ्यांना चिठ्ठ्या द्या आणि नाव न घालता एकच गोष्ट लिहायला सांगा: विश्वासाबद्दल बोलताना मला कशाची भीती वाटते? तुम्हीही लिहा. चिठ्ठ्या एकत्र करून वाचून दाखवा.

साधारण याच गोष्टी निघतात: प्रश्न विचारले तर उत्तर येणार नाही. मैत्री तुटेल. घरात वाद होतील. आणि बऱ्याचदा हेही असतं, की माझंच वागणं धड नाही, मी कुठल्या तोंडाने सांगू? या सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. उत्तरांची भीती सरावाने कमी होते. मैत्रीची भीती पुष्कळदा खरी असते आणि तिच्यासाठी सावकाशपणा लागतो. वागण्याची भीती ज्याला आहे त्याच्याशी बैठकीनंतर एकट्याने बोला, तिथे काहीतरी वेगळंच चालू असू शकतं.

मग १ करिंथ २:३ वाचा. सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तिथे सांगतो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, घाबरलेलो होतो, थरथरत होतो. इफिस ६:१९-२० मध्ये तो तुरुंगातून लिहितोय आणि धैर्याने बोलता यावं म्हणून प्रार्थनेची विनंती करतोय. एवढं वाचून थांबा. वर प्रवचन जोडू नका.

सापळा: "यात घाबरण्यासारखं काय आहे?" असं हसत म्हणणारा एक बोलका सदस्य प्रत्येक गटात असतो. त्याला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

## २. दोन-तीन माणसं, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना

प्रत्येकाने आपल्या रोजच्या ओळखीतली दोन किंवा तीन माणसं मनात धरावीत. यादी मोठी केली की तिचं काहीच होत नाही. रोज त्यांच्यासाठी प्रार्थना, आणि प्रार्थना नेमकी कशासाठी? कलस्सै ४:२-६ इथे उपयोगी पडतं. पौल तिथे दार उघडावं म्हणून आणि स्पष्ट बोलता यावं म्हणून प्रार्थना मागतो, आणि तुमचं बोलणं कृपेने भरलेलं असावं असंही सांगतो. म्हणजे त्या प्रार्थनेतला मोठा भाग बोलणाऱ्याबद्दलचा आहे.

गटात या व्यक्तींची पूर्ण नावं घेऊ नका. "माझी एक शेजारीण" एवढं पुरे. प्रार्थनेच्या निमित्ताने दुसऱ्याच्या घरातली भांडणं, आजारपणं, कर्ज चारचौघांत उघडं होतं, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे ती चुगली आहे हे कुणाला जाणवत नाही. एक कसोटी देते: ती व्यक्ती दाराबाहेर उभी राहून ऐकत असती तर तिला कसं वाटलं असतं?

या पायरीला एक अडचण हमखास वर येते. जुन्या विश्वासणाऱ्यांना नावच सुचत नाही. त्यांची सगळी ऊठबस मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्याच, लोकांत असते. अशा सदस्यांना साक्षीचा सराव नंतर द्या. त्यांचं पहिलं काम म्हणजे कुणाला तरी ओळखायला लागणं, आणि त्यात सहा महिने गेले तरी हरकत नाही.

उलट, गटातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या ओळखी सगळ्यात जास्त असतात. शुभवर्तमानांतही, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांतही, हेच दिसतं. अंद्रिया येशूला भेटल्यावर आधी आपल्या भावाला, शिमोनाला गाठतो (योहान १:४०-४२). जकातदार लेवी मोठी मेजवानी देतो आणि तिथे बसतात ते त्याचेच जुने सोबती (लूक ५:२९). यांपैकी कुणीही कोर्स पूर्ण केलेला नव्हता. म्हणून नव्या सदस्याला "तू अजून शिकतो आहेस," असं सांगून गप्प बसवू नका.

## ३. आधी ऐकायला शिका

बोलण्याच्या सरावाआधी ऐकण्याचा सराव घ्या. जोड्या करा. एकाने चार मिनिटं आपल्या आठवड्यातली एखादी काळजी सांगायची, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला नाही, वचन नाही, "माझंही असंच झालं होतं" तर मुळीच नाही. वेळ संपल्यावर ऐकणाऱ्याने जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि बोलणाऱ्याने ते बरोबर आहे का ते सांगायचं. मग अदलाबदल.

ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. दुसऱ्या मिनिटालाच कुणीतरी बायबल उघडतं.

येशू स्वतः किती प्रश्न विचारतो ते गटाला शोधायला लावा. "तुम्ही काय शोधता?" (योहान १:३८). आंधळ्या बार्तीमयाला काय हवं असेल हे उघड दिसत असूनही, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" (मार्क १०:५१). प्रेषितांची कृत्ये ८:३० मध्ये फिलिप्प रथात बसलेल्या कूशी अधिकाऱ्याला गाठतो तेव्हा सुरुवात प्रश्नाने करतो: वाचताय ते समजतंय का? आणि मग तो माणूस जिथे वाचत होता तिथूनच पुढे जातो.

काही प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगा. ते जसेच्या तसे विचारायची गरज नाही, पण वळण कळतं:

- अशा वेळी तुला आधार कशाचा वाटतो?
- देवाबद्दल तू कधी विचार करतोस का? काय वाटतं?
- तुमच्या घरी श्रद्धेचं वातावरण कसं होतं?
- चर्चबद्दलचा तुझा अनुभव काय आहे? (उत्तर कडू आलं तर बचाव करायचा नाही, ऐकून घ्यायचं.)

## ४. आपली साक्ष: तीन मिनिटांत, एका पानावर

या पायरीवर घाई करू नका.

आधी प्रेषितांची कृत्ये २६ वाचा. अग्रिप्पा राजासमोर पौल आपली गोष्ट सांगतो. ती सरळ तीन भागांत पडते: पूर्वी मी कसा होतो (४-११), वाटेवर काय घडलं (१२-१८), त्यानंतर काय बदललं (१९-२३). याच सांगाड्यावर प्रत्येकाने घरून एक पान लिहून आणायचं. बैठकीत ते बघून वाचायचं नाही, सांगायचं. टायमर तीन मिनिटांवर.

ख्रिस्ती घरातच वाढलेले सदस्य इथे अडतात. "माझ्या आयुष्यात असं काही घडलंच नाही." त्यांना पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य दाखवा. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आलेला आहे, आणि पौल तो कमी प्रतीचा मानत नाही (२ तीमथ्य १:५). अशांसाठी सांगाडा बदला: हा विश्वास आईवडिलांचा न राहता माझा कधी झाला? तो कुठल्या अडचणीत टिकला? आज मी त्याच्यामुळे काय वेगळं करतो? माझ्या मते ऐकणाऱ्याला ही साक्ष जास्त जवळची वाटते, कारण बहुतेकांच्या आयुष्यात नाट्य नसतंच.

आता भाषा. समजा एका सदस्याने हे लिहून आणलं:

"मी पापाच्या अंधारात खितपत पडलो होतो. प्रभूने आपल्या मौल्यवान रक्ताने मला धुऊन शुद्ध केले व नवजीवन दिले. आता मी आत्म्यात आनंदित आहे. हालेलुया."

मंडळीत यावर "आमेन" येईल. ज्याने चर्चची पायरी कधी चढलेली नाही त्याला मात्र यातून काहीही कळणार नाही. त्याला प्रश्न विचारत गेलात, की तेव्हा नेमकं काय चाललं होतं, मग काय झालं, की हळूहळू असं काहीतरी बाहेर येतं:

"वडील गेल्यावर मी भावाशी बोलणं बंद केलं. जमिनीवरून भांडण होतं. मला वाटायचं, चूक सगळी त्याची. एका मित्राने मला लूकचं शुभवर्तमान वाचायला दिलं. त्यात वधस्तंभावर येशू त्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तिथे मी अडकलो. मला क्षमा हवी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी ती देवाकडे मागितली. भावाला फोन करायला त्यानंतरही बरेच महिने लागले. अजून सगळं सुरळीत नाही, पण आम्ही बोलतो."

दुसऱ्यातही पाप आहे, क्षमा आहे, वधस्तंभ आहे. फक्त ते ऐकणाऱ्याच्या हाताला लागतं. गटात एक खेळ घ्या: कुणी साक्ष सांगताना फक्त चर्चमध्ये ऐकू येणारा शब्द आला की बाकीच्यांनी टेबलावर टकटक करायची आणि बोलणाऱ्याने तेच साध्या शब्दांत पुन्हा सांगायचं. खूप हशा पिकतो आणि लोक भराभर शिकतात. 'पाप', 'तारण', 'कृपा' हे शब्द टाळायचे नाहीत. ते वापरल्यावर पुढे एका वाक्यात अर्थ सांगता आला पाहिजे, इतकंच.

इथले सापळे जरा जास्त आहेत:

- गतकाळ रंगवणं. पूर्वीचं आयुष्य जितकं काळं तितकी साक्ष जोरदार, असा समज असतो. घडलं तेवढंच सांगायला लावा.
- दुसऱ्याची अब्रू. नवऱ्याचं व्यसन, सासूचा स्वभाव, बहिणीचा घटस्फोट या त्या त्या माणसाच्या गोष्टी आहेत. त्यांना विचारल्याशिवाय त्या साक्षीत येऊ नयेत.
- आधीच्या धर्माची टिंगल. समोरच्याची आई कदाचित त्याच श्रद्धेने जगते आहे. तिथून पुढे तो तुमचं काहीही ऐकणार नाही, आणि ऐकू नयेच.
- "आता मला काहीच अडचण नाही." हे खरं नसतं. शिवाय उद्या तुम्ही आजारी पडलात की तुमच्या साक्षीचं काय होणार?
- बरं होण्याच्या गोष्टी. प्रार्थनेनंतर बरं वाटलं असेल तर सांगा. पण "औषधं बंद कर" हे कुणालाही, कधीही सांगायचं नाही. या बाबतीत गटप्रमुखाने कडक राहावं.

## ५. सुवार्तेचा गाभा एका मिनिटात

साक्ष माझ्याबद्दल असते, सुवार्ता येशूबद्दल. फक्त साक्ष सांगून थांबलं तर ऐकणारा म्हणतो, "छान, तुला बरं वाटलं ना!" आणि ते चूक नाही. म्हणून दोन्ही यायला हवं.

पौल १ करिंथ १५:३-५ मध्ये गाभा देतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि लोकांना दिसला. त्याच्या मागेपुढे जे लागतं ते थोडक्यात असं धरा: देवाने आपल्याला निर्माण केलं आणि तो आपल्यावर प्रेम करतो. आपण त्याच्याकडे पाठ फिरवली (रोम ३:२३). आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला (रोम ५:८) आणि जिवंत झाला. आता त्याच्याकडे वळून विश्वास ठेवणं हे आपल्या हातात आहे (मार्क १:१५, रोम १०:९). प्रत्येकाने हे आपल्या शब्दांत, न बघता, एका मिनिटात सांगून दाखवायचं.

दरीवरच्या पुलासारख्या आकृत्या (एका काठावर माणूस, दुसऱ्यावर देव, मध्ये वधस्तंभाचा पूल) काहींना उपयोगी पडतात. मला त्या फारशा आवडत नाहीत. आकृती सुरू झाली की ती पूर्ण करायची घाई होते आणि समोरच्याचा प्रश्न मागे पडतो. त्यापेक्षा त्याच्यासोबत एखादं शुभवर्तमान वाचा. मार्कचे सोळाच अध्याय आहेत आणि आठवड्याला एक-दोन वाचून गप्पा मारल्या तरी पुरे.

## ६. अवघड प्रश्नांचा सराव

जोड्यांत छोटी नाटुकली करा. एकाने आपल्या खऱ्या ओळखीतल्या माणसासारखं बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. गटप्रमुखाने कट्टर विरोधकाची भूमिका घेऊन सगळ्यांना नामोहरम करू नये. प्रत्यक्षात भेटणारे बहुतेक लोक उत्सुक असतात, नाहीतर कंटाळलेले असतात. कडाडून वाद घालणारे थोडेच.

नेहमीचे प्रश्न घ्या: देव आहे तर एवढं दुःख का? सगळे धर्म शेवटी एकच सांगतात ना? चर्चमधली माणसं तरी कुठे चांगली वागतात? प्रत्येक प्रश्नावर भाषण तयार करायचं नाही. पहिलं उत्तर बहुधा हेच असावं: "तुला हा प्रश्न का पडला?" दुःखाबद्दल विचारणारा कधीकधी वाद घालत नसतो, त्याच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं.

"मला ठाऊक नाही" हे म्हणण्याचाही सराव घ्या, मोठ्याने. योहान ९ मधल्या जन्मांधाला विचारतात, तो येशू कुठे आहे? तो म्हणतो, मला ठाऊक नाही. येशू पापी आहे का, हे दटावून विचारतात. पुन्हा तेच, मला ठाऊक नाही. एवढंच कळतं की मी आंधळा होतो आणि आता दिसतं. त्याच्यापुढे सगळे विद्वान बसले होते.

एक प्रश्न स्वतंत्रपणे हाताळा: "तुला माझं धर्मांतर करायचंय का?" इथे चाचरलात की विश्वास उडतो. सरळ सांगता आलं पाहिजे: "मला जे मोलाचं वाटतं ते तुलाही कळावं असं वाटतं. निर्णय तुझा. तू नाही म्हणालास तरी आपली मैत्री आहे तशीच राहील." हे खरं असेल तरच म्हणा.

सरावात कुणी चुकीची शिकवण सांगितली तर चारचौघांत दुरुस्त करू नका. सुरुवातीच्या मंडळीतला उपदेशक अपुल्लोस उत्तम बोलायचा, पण त्याची माहिती अर्धी होती. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला आपल्याजवळ नेऊन नीट समजावलं (प्रेषितांची कृत्ये १८:२४-२६).

## ७. मर्यादा आधीच ठरवा

१ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार असा असं म्हटलंय, आणि लगेच सौम्यता व आदर यांची अटही घातली आहे. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून साक्षीच्या वर्तनाबद्दल शिफारशी काढल्या. एरवी ही मंडळी कितीतरी बाबतींत वेगळी आहेत, पण फसवणूक, बळजबरी आणि आमिष यांना थारा नाही यावर त्यांचं एकमत झालं.

गटासाठी त्याचा अर्थ असा: मदत आणि सुवार्ता यांची सांगड घालायची नाही. भुकेल्याला जेवण द्या, त्याने ऐकलं नाही तरी द्या. तुमच्या हाताखाली काम करणारे, तुमचे विद्यार्थी, तुमच्या देखरेखीखालचे रुग्ण यांना मोकळेपणी नाही म्हणता येत नाही, म्हणून तिथे त्यांनी विचारलं तरच बोला. लहान मुलांशी पालकांच्या परवानगीशिवाय नाही. तुम्ही राहता तिथे धर्मांतराबाबत काही कायदा असेल तर तो पाळकांकडून किंवा जाणकार वकिलाकडून समजून घ्या. आणि कुणाचा फोटो किंवा गोष्ट त्याला विचारल्याशिवाय समूहात टाकू नका. एखाद्याला घरी त्याचे परिणाम भोगावे लागू शकतात.

## ८. एका आठवड्याला एकच छोटं काम

आता गटाबाहेर. कामं अगदी लहान ठेवा:

- "रविवारी काय केलंस?" असं कुणी विचारलं तर चर्च न गाळता खरं उत्तर द्यायचं.
- अडचणीत असलेल्याला विचारायचं, "तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" आणि नंतर आठवणीने चौकशी करायची.
- एका व्यक्तीचं बोलणं मध्ये न तोडता पंधरा मिनिटं ऐकायचं.
- कुणी विचारलंच, तर आपल्या साक्षीतला फक्त एक भाग सांगायचा. तिन्ही नाही.

पुढच्या बैठकीत "किती जणांना सांगितलं?" असं विचारू नका. "काय झालं?" असं विचारा. आकडे मागितले की लोक आकडे आणतात. "काहीच झालं नाही" हे पूर्ण उत्तर आहे, त्यावर उपदेश नको. १ करिंथ ३:६ एकदा वाचून ठेवा: पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने.

## ९. कुणी "हो" म्हणालं तर?

गट नकाराची तयारी करतात आणि होकार आला की गडबडतात. कुणी म्हणालं, "मला आणखी जाणून घ्यायचंय," तर त्याच दिवशी सगळं उरकायला जाऊ नका. सोबत शुभवर्तमान वाचायला सुरुवात करा. गटातल्या आणखी एका-दोघांशी ओळख करून द्या, म्हणजे ती व्यक्ती एकट्या तुमच्यावर अवलंबून राहणार नाही. घरच्यांशी नातं तोडायला कुणीही सुचवू नये. बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली की पाळकांना सामील करा, आणि वेळ लागला तर लागू द्या.

आणि ती व्यक्ती गटात येणार असेल तर आधी गटाकडे जरा बाहेरच्याच्या नजरेने बघा. आतले विनोद, वीस मिनिटांची प्रार्थना, "गेल्या वेळचं आठवतंय ना?" हे सगळं आवरतं घ्या. वचन सांगताना पानाचा क्रमांकही सांगा, कारण मार्क कुठे सापडतो हे नव्या माणसाला माहीत नसतं. जवळ बसायला एकजण आधीच ठरवून ठेवा. पहिल्या दिवशी त्यांना मोठ्याने वाचायला किंवा प्रार्थना करायला सांगू नका, आणि निघताना "मग, कसं वाटलं?" म्हणून सगळ्यांनी मिळून घेरू नका. पुढची बैठक कधी आहे तेवढं सांगा.